बार चुकला म्हणण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शिकारीच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेल्या आहेत. कुणाच्या पणजोबांनी संस्थानिकांबरोबर जाऊन वाघ पाडलेला असतो, कुणाच्या मामांनी एका काडतुसात दोन रानडुकरं लोळवलेली असतात. या गोष्टींचं एक वैशिष्ट्य तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांत बार नेहमी लागतो. न लागलेल्या बारांच्या गोष्टी सहसा कुणी सांगत नाही, आणि सांगितल्याच तर हसण्यावारी नेण्यासाठी सांगतात. पण जिथे बंदूक आहे तिथे चुकलेला नेमही आहेच. त्या चुकलेल्या गोळ्या जातात कुठे, आणि ज्या जनावरांवर त्या झाडल्या गेल्या त्यांचं पुढे काय होतं, याविषयी आज थोडं बोलणार आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी शिकारी नाही, आणि शिकारीची वकिली करायलाही इथे आलेलो नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला आळा बसला, हे फार चांगलं झालं असंच माझं मत आहे. पण नोकरीच्या निमित्तानं मी बरीच वर्षं अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात, मीकर नावाच्या छोट्या गावाजवळ राहिलो. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की घराघरांतून बंदुका बाहेर निघतात. आमच्या शेजारी मेंढ्या पाळणारे एक सत्तरीतले गृहस्थ होते. माझी मुलं त्यांना आजोबा म्हणायची, म्हणून मीही इथे त्यांना आजोबाच म्हणतो. या आजोबांबरोबर मी सात-आठ हिवाळे डोंगरात गेलो. बंदुकीला हात लावला नाही. माझ्याकडे कामं तीन. सामान वाहायचं, दुर्बिणीतून टेहळणी करायची आणि कॉफीचा थर्मास सांभाळायचा. त्यामुळे नेम धरणाऱ्याला जे दिसत नाही, ते बाजूला बसून मला बरंच पाहायला मिळालं.

तिथे शिकार होते ती मुख्यतः दोन जनावरांची. एक एल्क आणि दुसरं हरीण. एल्क हा शब्द जरा फसवा आहे. युरोपात एल्क म्हणतात ते वेगळंच जनावर, ज्याला अमेरिकेत मूस म्हणतात. अमेरिकेतला एल्क म्हणजे वापिटी. हा मूळचा शॉनी आदिवासींचा शब्द, त्याचा अर्थ पांढऱ्या पुठ्ठ्याचा. आपल्या सांबराचा हा थोराड भाऊबंद म्हणा ना. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो, आणि खांद्यापाशी त्याची उंची पाच फुटांच्या आसपास भरते. हरणांत तिकडच्या डोंगरात जास्त दिसतं ते म्यूल डिअर, म्हणजे खेचरासारख्या लांब कानांचं हरीण. देशाच्या पूर्वेकडे पांढऱ्या शेपटीचं हरीण अधिक.

ही जनावरं आज तिथे इतकी आहेत, हेसुद्धा सहज घडलेलं नाही. गोरे लोक येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत सुमारे एक कोटी एल्क असावेत असा अंदाज आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते एक लाखाच्याही खाली आले होते. बेसुमार हत्या, कातड्यांचा आणि मांसाचा बाजार, कुरणांवर आलेली शेती, ही त्याची कारणं. पुढे कायदे झाले, बाजारासाठी होणारी शिकार बंद झाली. १९३७ मध्ये बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचं उत्पन्न वन्यजीवांच्या कामाला देणारा कायदा आला. आज एल्कची संख्या दहा लाखांच्या घरात आहे आणि त्यांचा सर्वांत मोठा वाटा कोलोरॅडोत आहे. परवाना घ्यावा लागतो. एका परवान्यावर एकच जनावर, तेही ठरलेल्या भागात आणि ठरलेल्या दिवसांत. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही शिकारीचं शिक्षण घेतल्याचा दाखला असल्याशिवाय परवाना मिळत नाही. एवढं सगळं करून एल्कच्या मागे जाणाऱ्या पाच जणांपैकी साधारण चार जण रिकाम्या हातानं घरी परततात.

रिकाम्या हातानं परतणाऱ्यांपैकी पुष्कळांना जनावर दिसतच नाही. पण काहींना ते दिसतं, ते बारही टाकतात, आणि बार चुकतो. तो का चुकतो? लांबून पाहणाऱ्याला वाटतं, केवढं मोठं धूड, आंधळ्यानं दगड मारला तरी लागेल. खरी गोष्ट अशी की नेम जनावरावर धरायचा नसतो, त्याच्या काळीज-फुप्फुसांवर धरायचा असतो. एल्कच्या अंगात ही जागा मोठ्या परातीएवढी, आणि हरणाच्या अंगात जेवणाच्या ताटाएवढी. बाकीच्या अंगाला गोळी लागली तर ती लागूनही चुकलेलीच.

आता अंतराचं पाहू. तिकडे अंतर यार्डात मोजतात. यार्ड म्हणजे आपल्या नऊवारीतला वार, तीन फुटांचा. १९०६ सालापासून वापरात असलेलं थर्टी-ऑट-सिक्स नावाचं एक काडतूस तिथे घरोघरी सापडतं. बंदुकीची दुर्बीण दोनशे यार्डांवर बरोबर जुळवलेली असली, तर हीच गोळी तीनशे यार्डांवर सुमारे वीतभर खाली लागते आणि चारशे यार्डांवर दोन फूट खाली. म्हणजे शिकाऱ्यानं तीनशे समजून झाडली आणि जनावर प्रत्यक्षात चारशेवर असलं, तर गोळी काळजाऐवजी पायाला लागणार किंवा पोटाखालून निघून जाणार. आणि डोंगरातलं अंतर डोळ्यांनी ओळखणं महाकठीण. हवा स्वच्छ आणि विरळ, मध्ये दरी, पलीकडे उघडा उतार. त्यात एल्क आकारानं मोठा, म्हणून तो आहे त्यापेक्षा जवळ वाटतो. आता लेसरनं अंतर मोजणारी हातात मावणारी यंत्रं आली आहेत, पण समोर जनावर उभं राहिलं की ते यंत्र खिशातच राहून जातं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

अंतरात भर पडते ती उताराची. वरच्या बाजूला नेम धरा किंवा खालच्या बाजूला, तिरक्या रेषेत झाडलेली गोळी नेहमी अंदाजापेक्षा वर लागते. ऐकायला विचित्र वाटतं, पण हिशेब सोपा आहे. गुरुत्वाकर्षण गोळीला खाली ओढतं ते आडव्या अंतराच्या प्रमाणात. उताराच्या रेषेत अंतर चारशे यार्ड भरलं आणि उतार ३० अंशांचा असला, तर आडवं अंतर साधारण ३४६ यार्डच असतं. गोळी तेवढ्याच अंतराइतकी खाली येते, आणि शिकाऱ्यानं मात्र चारशेचा हिशेब धरून नळी उचललेली असते. अमेरिकेतल्या निसर्गसंरक्षणाच्या विचाराचा पाया घालणाऱ्यांत ॲल्डो लिओपोल्ड यांचं नाव घेतात. ते १९०९ मध्ये ॲरिझोनात वनखात्याच्या नोकरीत लागले. तरुणपणी एका कड्यावरून खाली नदीकाठच्या लांडग्यांवर आपण आणि सोबत्यांनी गोळ्या कशा झाडल्या, ते त्यांनी आपल्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सँड काउंटी अल्मनॅक’ या पुस्तकात लिहिलं आहे. तिथेही खडा उतार असला की नेम कसा गोंधळतो याचा उल्लेख आहे.

मग वारा. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा असला, तर तीनशे यार्डांवर गोळी सहा-सात इंच बाजूला सरकते. शिकारी बसला आहे तिथे पान हलत नसतं आणि मधल्या दरीत वारा भरारत असतो. शिवाय गोळीला वेळ लागतो, हे आपण विसरतो. तीनशे यार्ड कापायला तिला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून जरा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात रमतगमत चालणारा एल्कसुद्धा दीड फूट पुढे गेलेला असतो. चाप ओढला तेव्हा नेमाखाली काळीज होतं, गोळी पोचते तेव्हा तिथे पोट असतं.

धनुष्यबाणाची शिकार तिकडे सप्टेंबरमध्ये असते, आणि तिथे तर गंमत वेगळीच. आजचं चाकांचं धनुष्य बाण सेकंदाला ८०-९० मीटर वेगानं सोडतं. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. तीस मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आतच ऐकू येतो. बाण पोचायला त्यानंतर सुमारे पाव सेकंद लागतो. पांढऱ्या शेपटीचं सावध हरीण तेवढ्या वेळात पळण्यासाठी पाय दुमडून खाली दबतं, आणि बाण पाठीवरून निघून जातो किंवा पाठीत वरच्या वर रुततो. माणसाचं काहीच चुकलेलं नसतं. हरीण त्याच्याहून चपळ असतं, इतकंच.

पण सर्वांत जास्त बार चुकतात ते माणसाच्या स्वतःच्या देहामुळे. नऊ-दहा हजार फुटांवर चढण चढून आलेला माणूस धापा टाकत असतो. छाती वरखाली होते तशी नळी वरखाली होते. त्यात समोर अचानक भलं मोठं शिंगाडं उभं राहिलं की हात थरथरतात, तोंड कोरडं पडतं. याला तिकडे ‘बक फीवर’ म्हणतात, म्हणजे हरीण पाहून चढणारा ताप. तो नवशिक्यालाच येतो असं नाही. आणि एक गोष्ट आहे दचकण्याची. बंदुकीचा दस्ता खांद्यावर जोरात धक्का देतो. तो धक्का बसणार हे शरीराला माहीत असतं, म्हणून चाप ओढतानाच डोळे मिटतात आणि खांदा पुढे येतो. माणसाला स्वतःला हे कळत नाही. आजोबा आपल्या नातवाला शिकवताना त्याच्या नकळत खऱ्या काडतुसांत एखादं नकली काडतूस मिसळत. नातू चाप ओढी, आवाज काहीच होत नसे, पण नळीचं टोक मात्र झटकन खाली जाई. पोरगा लाजे. आजोबा काही न बोलता पुढचं काडतूस भरत. पोराचं ते दचकणं जायला एक उन्हाळा लागला.

हे सगळं झालं बार सुटेपर्यंतचं. माझ्या दृष्टीनं खरा विषय त्यानंतर सुरू होतो.

बार झाला, जनावर उभं होतं ते पळालं. शिकारी म्हणतो, चुकला. हा शब्द किती सोपा आहे पाहा. चुकला म्हटलं की प्रकरण मिटतं. गोळी हवेत गेली, जनावर रानात गेलं, आपण जेवायला मोकळे. पण जनावर पळालं यावरून काहीच सिद्ध होत नाही. फुप्फुसांत गोळी लागलेला एल्कसुद्धा शंभर-दोनशे पावलं अगदी धडधाकट असल्यासारखा पळू शकतो. त्याची कातडी जाड, केस दाट. रक्त आधी केसांतच जिरतं आणि पहिल्या वीस-पंचवीस पावलांवर थेंबसुद्धा सापडत नाही. म्हणून आजोबांचा नियम होता की बार टाकलेल्या जागी जाऊन पाहिल्याशिवाय चुकला हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

नातवाच्या पहिल्या मोसमातली गोष्ट सांगतो. पोरगा सोळा वर्षांचा. आम्ही एका धारेवर बसलो होतो, खाली ओढा, पलीकडच्या उतारावर ॲस्पेनच्या झाडांच्या कडेला पाच-सहा एल्क माद्या चरत होत्या. नातवानं पडून, पिशवीवर नळी टेकवून बार टाकला. माद्या दचकल्या, वर पाहिलं आणि झाडांत दिसेनाशा झाल्या. मी दुर्बिणीतून पाहत होतो. एकही लंगडली नाही. गोळी लागली की लांबून ओल्या गोधडीवर काठी मारल्यासारखा धप्प आवाज येतो, तोही आला नाही. मी म्हणालो, “चुकला वाटतं.” आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो.

त्यांनी पोराला उठू दिलं नाही. आधी विचारलं, मादी नेमकी कुठे होती? कोणत्या झाडापासून किती हात? पोरानं एक वाळलेलं पांढरं खोड दाखवलं. आजोबांनी आम्ही बसलो होतो तिथल्या फांदीला नारिंगी फीत बांधली, म्हणजे पलीकडे गेल्यावर मागे वळून पाहता येतं आणि बाराची रेषा कळते. मग अर्धा तास थांबलो. जखमी जनावराच्या मागे लगेच धावलं तर ते जीव घेऊन मैलोन्‌मैल जातं. त्याला सोडलं तर ते जवळच कुठे तरी बसतं. अर्ध्या तासानं उतरलो, ओढा ओलांडला, पलीकडे चढलो. सरळ रेषेत अडीचशे यार्ड, पण पायी चाळीस मिनिटं लागली.

तिथे खुरांचे ठसे होते. आजोबा गुडघ्यांवर बसले, अक्षरशः रांगत फिरले. केस नाहीत, रक्त नाही. मग त्यांनी फितीकडे वळून रेषा धरली आणि ठशांच्या मागच्या बाजूला, उतारावर थोडं वर, ताजी उकरलेली माती आणि एक फुटलेला दगड दाखवला. गोळी पाठीवरून गेली होती. खालच्या बाजूचा नेम, त्यामुळे वर लागलेली. तरीही ते थांबले नाहीत. कळपाचे ठसे धरून आणखी तीनशे पावलं गेले. सावलीत जिथे जिथे बर्फ उरला होता तिथे वाकून पाहिलं. सगळ्यांची पावलं सारखी पडलेली, कुणाचाही पाय ओढलेला नाही. मग कंबर सरळ करून ते नातवाला म्हणाले, “आता म्हण, चुकला.” त्यांच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं. एका चुकलेल्या बारानं इतकं समाधान होऊ शकतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढच्या वर्षीची गोष्ट मात्र वेगळी आहे. बार आजोबांचा स्वतःचा होता. दुपार कलली होती, वारा सुटला होता. खेचरकान्या हरणाचा एक नर खडकांच्या कडेनं चालत आला आणि थांबला. बार झाला, हरीण तीन उड्या मारून झुडपांत गेलं. कुणालाही विचारलं असतं तर चुकला असंच म्हणाला असता. आजोबा नेहमीप्रमाणे फीत बांधून, थांबून, जागेवर गेले. तिथे भरड, फिकट केसांचा एक झुबका पडला होता. थोड्या अंतरावर एका पानावर डाग, काळपट हिरवट, आणि त्याला वास. ते बघता बघता खाली बसले. फिकट केस पोटाकडचे. फुप्फुसाचं रक्त लालभडक आणि फेसाळ असतं, यकृताचं गडद. हिरवट डाग म्हणजे गोळी कोठ्यातून गेली. असं जनावर मरतं, पण लवकर मरत नाही.

अशा वेळी नियम असा की कित्येक तास मागे जायचं नाही. ती रात्र थंडीची होती. आजोबा जेवले नाहीत. पहाटे दिसायला लागल्याबरोबर आम्ही माग काढायला सुरुवात केली. शेवटचा डाग सापडला की तिथे फीत बांधायची आणि एकानं तिथेच उभं राहायचं, दुसऱ्यानं अर्धवर्तुळात फिरून पुढचा डाग शोधायचा. एका झुडपाखाली ते बसलं होतं तिथलं गवत दबलेलं होतं, तिथे जरा जास्त रक्त. तिथून उठून ते पुढे गेलं होतं. दोनेक मैल गेल्यावर दगडांची घसरण लागली. तिथे ठसे उमटत नाहीत. पलीकडे दुसऱ्या हरणांची वाट त्यात मिसळलेली. संध्याकाळपर्यंत आम्ही त्या घसरणीच्या चारही बाजू धुंडाळल्या. डोमकावळे कुठे उतरतात का तेही पाहिलं. हरीण सापडलं नाही.

जखमी जनावराचा माग काढण्याचा योग्य तो प्रयत्न करणं कोलोरॅडोत कायद्यानंच बंधनकारक आहे. तो प्रयत्न आजोबांनी केला होता. सापडलं नाही म्हणून परवाना रद्द होत नाही. मोसमाचे आणखी सहा दिवस बाकी होते आणि ते दुसऱ्या हरणामागे जाऊ शकत होते. घरी आल्यावर त्यांनी परवाना काढून स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवून दिला आणि बंदूक पुसून कुलपात टाकली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “माझं हरीण झालं. ते मला मिळालं नाही, हा भाग वेगळा.” तिथले पुष्कळ जुने शिकारी असंच करतात. कुणी तपासत नाही, कुणी विचारत नाही. तरी ते करतात.

श्रोतेहो, चुकलेल्या गोळीचं मोल आपल्याला परकं नाही. जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये मारलेली चंपावतची वाघीण तुम्हाला ठाऊक असेल. ४३६ माणसं तिनं मारल्याची नोंद आहे. ती मेल्यावर तिचा जबडा पाहिला, तर उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले होते. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. कधी तरी कुणी तरी झाडलेल्या गोळीनं ते मोडले होते. नेहमीचं सावज धरता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेट यांनी लिहून ठेवलं आहे. ती गोळी झाडणाऱ्यानं घरी जाऊन काय सांगितलं असेल? बहुधा हेच, की बार चुकला. हरणाचा जबडा असा मोडला तर ते कुणावर उलटत नाही. ते उपासमारीनं मरतं. डोक्यावर नेम धरू नका, असं शिकारीच्या वर्गात बजावतात ते यासाठीच. मेंदू लहान, जबडा मोठा, आणि मान सतत हलती.

आपल्या पुराणांतसुद्धा शिकारीच्या ज्या गोष्टी मनात घर करून राहिल्या आहेत, त्या कुणाच्या पराक्रमाच्या नाहीत. दशरथानं पाण्याचा आवाज ऐकून बाण सोडला आणि तो श्रावणाला लागला. जरा नावाच्या व्याधानं झाडीत हरीण बसलंय असं समजून बाण सोडला आणि तो श्रीकृष्णाच्या पायाला लागला. दोघांचा नेम अचूक होता, ओळख चुकली. कोलोरॅडोत बंदुकीच्या मोसमात प्रत्येक शिकाऱ्यानं कमरेच्या वर निदान ५०० चौरस इंच भडक नारिंगी कापड आणि डोक्याला तशीच टोपी घालायची, असा कायदा आहे. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतं. हा नियम हरणांसाठी नाही, झाडीतल्या हालचालीला हरीण समजणाऱ्या माणसांसाठी आहे. पण हेही लक्षात घ्या की दशरथ बाण सोडून राजवाड्यात परतला नाही. तो आवाजाच्या दिशेनं गेला, श्रावणाचं ऐकलं आणि पाणी घेऊन त्याच्या आंधळ्या आईबापांसमोर उभा राहिला. शाप मिळणार हे माहीत असूनही गेला. जरा व्याधही जागेवर गेला आणि पायांवर पडला.

काही देशांनी हे जागेवर जाणं माणसाच्या मर्जीवर ठेवलेलं नाही. नॉर्वेमध्ये एल्कचाच जवळचा भाऊबंद असलेलं तांबडं हरीण आहे. त्याची किंवा तिकडच्या मूसची शिकार करायची तर दर वर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. गेल्या वर्षी पास झालो होतो हे चालत नाही. आणि जखमी जनावराचा माग काढायला शिकवलेलं कुत्रं हाताशी असल्याशिवाय शिकारीला निघता येत नाही. अमेरिकेतही अनेक राज्यांनी आता पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याच्या मदतीनं माग काढायला परवानगी दिली आहे. माणसाला जिथे दगडांपुढे काही दिसत नाही, तिथे कुत्र्याला रात्र उलटल्यावरही वास येतो.

मला पुष्कळ जण विचारतात, इतकं करण्यापेक्षा शिकारच बंद का करत नाहीत? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर प्रत्येक देशानं आपापल्या रानाची स्थिती पाहून द्यायचं आहे. आपण आपलं दिलं आहे. पण जिथे शिकार चालते तिथे माणूस कसा ओळखावा, याचं एक माप मला आजोबांनी दिलं. भिंतीवर किती शिंगं लावली आहेत ते पाहू नये. न झाडलेल्या गोळ्या किती, ते विचारावं. वारा सुटला म्हणून, अंतर कळेना म्हणून, मागे दुसरी मादी उभी होती म्हणून, त्यांनी चापावरचं बोट काढून घेतलेलं मी कितीदा तरी पाहिलं. त्याची गोष्ट होत नाही, म्हणून ती कुणी सांगत नाही. आणि झाडलेली गोळी लागलेली दिसली नाही, तर ते तिच्यामागे चालत जात. गुडघे दुखत असत, तरी जात.

सुटलेला बाण परत येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. खरंच आहे ते. पण बाण परत येत नसला, तरी माणसाला बाणामागे जाता येतं.

म्हणून एक विनंती करतो. यापुढे कुणी तुम्हाला जुनी शिकारीची गोष्ट सांगायला बसलं आणि हसत म्हणालं, की त्या दिवशी बाकी आमचा बार चुकला बुवा, तर एवढंच विचारा, “मग जागेवर जाऊन पाहिलंत का?”